सुटला का? : पर्यायी शिक्षा आणि निकालपत्रांची भाषा

१

मी वकील नाही. एका पतसंस्थेच्या वसुली विभागात कारकुनी करताना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आपला पुकारा होईपर्यंत बाकावर बसून करायचे काय, म्हणून इतरांची प्रकरणे ऐकू लागलो आणि त्यातून निकालपत्रे वाचण्याचा नाद लागला. नोकरी सुटली, नाद सुटला नाही. प्रस्तुत लेख त्या नादातूनच आला आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या न्यायालयात चोरीच्या खटल्याचा निकाल ऐकला. एकोणीस वर्षांच्या मुलाने शेतातल्या विहिरीवरची पाण्याची मोटर फोडून तिच्यातली तांब्याची तार विकली होती. गुन्हा शाबीत झाला. न्यायाधीशांनी त्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. दोन वर्षे परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख राहणार होती. माझ्या मते निकाल योग्य होता. मुलगा बापाचा हात धरून बाहेर पडला आणि त्याच्या मागोमाग फिर्यादी शेतकरी बाहेर आला. माझ्या हातातली पिशवी आणि वही पाहून त्याला मी कोणी जाणकार वाटलो असेन. त्याने विचारले, "काय हो साहेब, म्हणजे सुटला का तो?"

मी म्हणालो, "सुटला नाही. बंधपत्रावर आहे. पुन्हा काही केलं तर या गुन्ह्याचीही शिक्षा होईल."

"मग घरी कसा निघाला?"

मी कलम सांगू लागलो. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मोटर भरून घ्यायला पैसे माझे गेले. आठ दिवस कांद्याला पाणी नाही. त्याचं काय लिहिलंय का त्यात?"

पुढे मी त्या निकालाची नक्कल वाचली. निकाल मराठीत होता, पुरावा नीट तपासलेला होता. शिक्षेचा भाग मात्र एका परिच्छेदात आटोपला होता. आरोपीचे वय कमी, पहिलाच गुन्हा, घरची परिस्थिती हलाखीची, सबब न्यायालय सौम्य दृष्टिकोन स्वीकारत आहे, असा त्याचा आशय. शेतकऱ्याच्या पैशांबद्दल किंवा कांद्याबद्दल त्यात काही नव्हते. मुलाने दोन वर्षे नेमके काय करायचे, तेही नव्हते.

२

तुरुंगाला पर्याय हवेत, हे आता नवे सांगणे राहिलेले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. त्यातले ४,३४,३०२, म्हणजे चारातले तीन, कच्चे कैदी होते. शिक्षेचे पर्याय वाढल्याने कच्च्या कैद्यांचा प्रश्न थेट सुटत नाही, हे खरे. पण 'आत टाकले म्हणजे न्याय झाला' ही एकच समजूत जामीन नाकारण्यामागेही असते आणि बंधपत्रावर चिडण्यामागेही असते. ती समजूत बदलायची कोणी?

मराठी वाचकाला या संदर्भात एक गोष्ट हमखास आठवते. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, तिचे नाव स्वतंत्रपूर. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांचा हा प्रयोग. त्याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला आणि कैद्यावर विश्वास टाकता येतो, ही कल्पना घराघरांत पोहोचली. कायद्याच्या कुठल्याही पुस्तकाने जे केले नसते ते त्या चित्रपटाने केले. पण त्यातला नायक जेलर आहे. आपल्या लोकस्मृतीत सुधारणेचे श्रेय राजाला मिळाले, जेलरला मिळाले, कलावंताला मिळाले. शिक्षा ज्याच्या लेखणीतून उतरते, तो न्यायाधीश या चित्रात दिसत नाही.

याला न्यायाधीशांचे उत्तर ठरलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली न्यायाधीशांच्या आचरणाची मूल्ये लिहून काढली. न्यायाधीशाने माध्यमांना मुलाखती देऊ नयेत, त्याचे निकालच बोलतील, असे त्यात अभिप्रेत आहे. हा संयम मला मान्य आहे. सभा गाजवणारा न्यायाधीश कोणालाच परवडणारा नाही. पण मग वाचकाचा एक हक्क शिल्लक राहतो. निकालच बोलणार असेल, तर तो खरोखर बोलतो का आणि कोणाशी बोलतो, हे तपासण्याचा. कवितेला आणि कादंबरीला आपण जो प्रश्न विचारतो, तोच निकालपत्राला विचारून पाहू.

३

या मौनाचे एक मूळ कायद्याच्या रचनेतच आहे. १९५८च्या गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमाने न्यायालयाच्या हाती बरेच काही दिले. कलम ३ने समज देऊन सोडता येते, कलम ४ने बंधपत्रावर. कलम ५ने फिर्यादीला वाजवी भरपाई देवविता येते. एकवीस वर्षांखालील गुन्हेगाराला तुरुंगात पाठवायचे असेल तर त्याची कारणे नोंदवावी लागतात, असे कलम ६ सांगते. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६१ने हेच तत्त्व आणखी पक्के केले. ज्याला परिवीक्षेचा लाभ देता आला असता त्याला तो दिला नाही, तर विशेष कारणे लिहा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे.

तत्त्व उदात्त आहे. पण त्याचा लिखाणावर झालेला परिणाम पाहण्यासारखा आहे. तुरुंगात पाठवताना कारणे द्यायची, न पाठवताना सौम्य दृष्टिकोनाचा एक ठशातला परिच्छेद पुरतो. वरच्या न्यायालयाची भीती असते ती पहिल्या बाबतीत. लोकांचा प्रश्न असतो तो दुसऱ्या बाबतीत. मुलगा तुरुंगात गेला असता तर तो शेतकरी मला काही विचारायला आलाच नसता. म्हणजे जिथे लोकांना समजावून सांगण्याची गरज सर्वांत अधिक, नेमके तिथेच न्यायाधीशाची लेखणी आखडते.

दुसरी गोष्ट शब्दाची. कलम ४ची भाषाच 'सोडण्याची' आहे. ताबडतोब शिक्षा न देता बंधपत्रावर सोडावे, असे ते म्हणते. तेव्हा "सुटला का?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. कायद्याचा शब्दच त्या माणसाने उचलला होता. चूक झाली होती ती मला उत्तर देताना. 'सुटला नाही' असे मी ज्या ठामपणे म्हणालो, त्या ठामपणाला निकालपत्रात काही आधार नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाचा रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य हा १९६४चा निकाल परिवीक्षेच्या इतिहासात मैलाचा दगड मानतात. सोळा वर्षांच्या मुलाने परक्या घरात शिरून सात वर्षांच्या मुलीशी दुर्वर्तन केले होते. त्याला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली होती. अल्पवयीनाला सराईत गुन्हेगारांच्या संगतीत लोटू नये, या विचाराने न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी बहुमताच्या निकालात परिवीक्षेचा मार्ग मोकळा केला. तात्त्विक युक्तिवाद भक्कम आहे आणि मला तो पटतो. तरीही तो वाचताना एक पोकळी जाणवते. सगळा प्रकाश मुलाच्या भवितव्यावर आणि कायद्याच्या अर्थावर आहे. ती मुलगी वस्तुस्थितीच्या भागात येते. मुलाला काय मिळावे, याच्या विवेचनात तिला जागा नाही. साठ वर्षांनंतर तालुक्याच्या निकालात त्या शेतकऱ्यालाही नव्हती.

४

याला अपवाद नाहीत असे नाही. सर्वांत मोठा अपवाद न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर. १९७३ ते १९८० या काळात ते सर्वोच्च न्यायालयात होते. त्याआधी १९५७च्या केरळ मंत्रिमंडळात ते मंत्री होते, तुरुंग खातेही त्यांच्याकडे होते. त्याही आधी, १९४८ साली, त्यांनी स्वतः तुरुंगवास भोगला होता. म्हणजे तुरुंगाच्या भिंती त्यांनी आतूनही पाहिल्या होत्या.

मोहम्मद गियासुद्दीन विरुद्ध आंध्र प्रदेश या १९७७च्या निकालात नोकरी लावून देतो म्हणून तरुणांना फसवणारा आरोपी होता. कृष्ण अय्यरांनी त्याची तीन वर्षांची शिक्षा अठरा महिन्यांवर आणली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. तुरुंगात त्याला कोणत्या प्रकारचे काम द्यावे, त्याला रजा कशी मिळावी, हेही लिहिले. गुन्हा ही एक विकृती आहे आणि गुन्हेगार सावरता येतो, हे त्यांचे सूत्र. सूडाचा हिशेब हे राज्याचे काम नाही. शिक्षेचा भाग हा निकालाचा शेवटचा परिच्छेद नसून त्याचे हृदय आहे, असे मानणारा हा न्यायाधीश होता.

त्यांच्यावर मराठीत भरभरून आदराने लिहिले गेले आहे. त्या आदराला बाधा न आणता एक टीका करावीशी वाटते. कृष्ण अय्यरांचे इंग्रजी जड, अलंकारांनी लगडलेले आहे. शब्दकोश हाताशी ठेवून वाचावे असे. त्यांच्या मनात समोर बसलेला वाचक कोण होता? वकील, प्राध्यापक, इतर न्यायाधीश. फसलेला तरुण किंवा त्याचे वडील नक्कीच नव्हेत. परिणाम असा झाला की खालच्या न्यायालयांनी त्यांची वाक्ये उद्धृत केली, पण त्यांची सवय उचलली नाही. सवय होती ती तपशिलाची. या माणसाचे पुढे काय करायचे, हे लिहून ठेवण्याची. वाक्ये सुभाषितांसारखी फिरत राहिली आणि त्यांच्या खाली तोच 'सौम्य दृष्टिकोन' कायम राहिला.

५

यावर एक गंभीर आक्षेप येईल. लोकांचा पाठिंबा मिळवणे हे न्यायाधीशाचे काम आहे का? त्याने कायदा पाहावा, गर्दीकडे पाहू नये. आक्षेप वजनदार आहे. पण आपल्या न्यायालयांनी गर्दीकडे कधीच पाहिले नाही, हे खरे नाही. १९८३च्या मच्छीसिंग खटल्यात फाशी केव्हा द्यावी याचे निकष सांगताना सर्वोच्च न्यायालयाने समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकाला बसलेल्या धक्क्याचा आधार घेतला. पुढे तो शब्दप्रयोग फाशीच्या अनेक निकालांत आला. म्हणजे सर्वांत कठोर शिक्षा देताना समाज निकालपत्रात हजर असतो. सर्वांत सौम्य आदेश देताना मात्र तोच समाज गायब होतो. कठोर शिक्षेच्या वेळी समाजाची भावना गृहीत धरायची आणि सौम्य आदेशाच्या वेळी त्याला समजावण्याचे कष्टही घ्यायचे नाहीत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा करता येतील?

समाजाला गृहीत धरल्याचे काय होते, ते १९ मे २०२४ नंतर पुण्यात दिसले. कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. अल्पवयीन आरोपीला बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला. अटींमध्ये रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिणे होते, वाहतूक पोलिसांबरोबर काम करणे होते, समुपदेशनही होते. त्यातला निबंध तेवढा महाराष्ट्राने उचलला. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. पण दोन जिवांची किंमत तीनशे शब्द, असाच अर्थ लोकांनी लावला. संतापाची लाट आल्यावर मुलाला निरीक्षणगृहात पाठवले गेले आणि जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याच्या सुटकेचा आदेश दिला.

त्या प्रकरणात संतापाला इतरही कारणे होती आणि ती खरी होती. माझा मुद्दा त्यापलीकडचा आहे. सुधारणेची भाषा पैसेवाल्यांसाठी असते आणि तुरुंग गरिबांसाठी, ही शंका लोकांच्या मनात घर करून बसली. तिचा फटका पैसेवाल्यांना बसत नाही. तो बसतो तांब्याची तार चोरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला. 'निबंध' हा शब्द चेष्टेचा झाल्यावर कोणता दंडाधिकारी समुपदेशन किंवा सेवा यांसारखी अट मोकळ्या मनाने लिहील?

दुसरे उदाहरण याहून बोचरे. मध्य प्रदेशात २०२० साली विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना उच्च न्यायालयाने त्याने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी अशी अट घातली. २०२१च्या मार्चमध्ये अपर्णा भट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. इथे न्यायाधीशाने कल्पकता दाखवली होती, पण सगळा भार पीडितेवर टाकला होता. गुन्हेगाराने काही द्यायचे नाही आणि पीडितेने मात्र भावाचे नाते द्यायचे. अशा एकेका आदेशाने पर्यायी शिक्षेची कल्पना कितीतरी मागे ढकलली जाते.

६

मग चांगले लिहिलेले दिसते कसे? यासाठी मला भारताबाहेरचा एक निकाल महत्त्वाचा वाटतो. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाचा 'राज्य विरुद्ध एम' हा २००७चा निकाल. तो लिहिणारे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स हेही तुरुंग भोगलेले. वर्णद्वेषी राजवटीने त्यांना एकांतकोठडीत ठेवले होते. पुढे १९८८ साली मापुटो इथे बॉम्बहल्ल्यात त्यांनी उजवा हात गमावला. सूड मागण्याचा अधिकार कोणाला असलाच, तर या माणसाला होता.

खटला साधा होता. तीन मुलांची एकटी आई. फसवणुकीचे अनेक गुन्हे, तेही वारंवार केलेले. तिला तुरुंगवास झाला होता. संविधान न्यायालयाने तो निलंबित करून देखरेख, आठवड्याला दहा तास समाजोपयोगी काम, समुपदेशन आणि फसवलेल्यांना पैशांची परतफेड असा आदेश दिला. मुलांच्या हिताचा विचार शिक्षा ठरवताना झालाच पाहिजे, हे या निकालाचे तत्त्व.

मला त्यातली मांडणी मोलाची वाटते. आई आहे म्हणून माफी, असे सॅक्स म्हणत नाहीत. आईपण ही शिक्षेतून सुटण्याची पळवाट होऊ नये, ही लोकांची शंका ते स्वतःच मांडतात आणि तिला उत्तर देतात. मुले कोण सांभाळील, याची चौकशी करतात. ती तुरुंगात गेली तर फसवलेल्या लोकांच्या हाती काय येईल आणि बाहेर राहिली तर काय, हे दोन्ही तोलतात. त्यामुळे शेवटचा आदेश वाचताना 'सुटली' असे वाटत नाही. तिच्या डोक्यावर काय काय ठेवले आहे, ते दिसते. निकाल एकमताचा नव्हता. पण असहमत होणाऱ्याला नेमके कशाशी असहमत व्हायचे ते कळते. लोकांचा पाठिंबा मिळवणे म्हणजे टाळ्या मिळवणे नव्हे. ज्याला निर्णय पटला नाही त्यालाही तो समजेल असे लिहिणे, एवढीच अपेक्षा आहे.

७

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ४मध्ये शिक्षांच्या यादीत प्रथमच सामुदायिक सेवा आली. आता ही 'सोडण्याची' भाषा नाही, शिक्षेचीच आहे. मोजक्याच गुन्ह्यांना ती लागू आहे : पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी, तीही माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर, दारू पिऊन सार्वजनिक जागी केलेले गैरवर्तन, बदनामी वगैरे. किती तास, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, हे संहिता सांगत नाही. ते न्यायाधीशानेच लिहायचे आहे. शिवाय आपल्या भाषेत एक अडचण आहे. मराठीत समाजसेवा हा मानाचा शब्द. सेवकाचा सत्कार होतो, त्याला शिक्षा कोण म्हणणार? 'आरोपीस समाजसेवेची शिक्षा' ही बातमी चेष्टेची होऊ द्यायची नसेल, तर आदेशात कामाचे नाव हवे, तास हवेत, कोणासाठी ते हवे.

या कामाला मराठीत तरी सबब नाही. महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. चंद्रशेखर धर्माधिकारी, नरेंद्र चपळगावकर यांच्यासारखे लोकांशी सोप्या मराठीत बोलणारे न्यायमूर्ती आपल्याकडे होऊन गेले. शिवाय विधी सेवा समित्यांच्या शिबिरांतून न्यायाधीश गावोगाव जातातच. चालू खटल्याबद्दल चकार शब्द न काढता, परिवीक्षा म्हणजे काय आणि ती मोडली तर काय होते, हे तिथे सांगायला १९९७ची मूल्ये आड येत नाहीत.

पण मुख्य जागा निकालपत्रच. त्या शेतकऱ्याच्या खटल्यात १९५८च्याच कायद्यात राहून असे लिहिता आले असते, असे मला वाटते :

'आरोपीचा गुन्हा शाबीत झाला आहे. फिर्यादीस मोटर भरून घेण्याचा खर्च आला आणि उभे पीक धोक्यात आले, याची हे न्यायालय नोंद घेते. आरोपीस तुरुंगात पाठवल्यास त्यातले काहीही फिर्यादीस परत मिळणार नाही आणि एकोणीस वर्षांचा मुलगा सराईतांच्या संगतीत जाईल. म्हणून आरोपीने फिर्यादीस मोटरीचा खर्च हप्त्याने द्यावा, दोन वर्षे परिविक्षा अधिकाऱ्यांपुढे नियमित हजर राहावे आणि कामधंद्याची माहिती द्यावी. यात कसूर केल्यास त्यास पुन्हा याच न्यायालयापुढे आणून या गुन्ह्याची शिक्षा सुनावता येईल. आरोपी सुटलेला नाही.'

यात नवा कायदा नाही, साहित्यगुणही नाहीत. भरपाई कलम ५ची, देखरेख कलम ४ची. एवढ्याने लोकमत पालटेल असा माझा दावा नाही. परिविक्षा अधिकारी पुरेसे हवेत, हप्ते भरले जातात का ते पाहणारे कोणी हवे. पण हा परिच्छेद त्या दिवशी निकालात असता आणि न्यायाधीशांनी तो भर न्यायालयात वाचून दाखवला असता, तर बाहेर आल्यावर शेतकऱ्याला मला काही विचारावे लागले नसते. कदाचित त्यालाच कोणीतरी विचारले असते, सुटला का? आणि उत्तर त्याने दिले असते.